काचेच्या तारेवरची हजेरी

अंगणात कपडे वाळत घालायची दोरी असते. तिच्या एका टोकाला बोट टेकवून डोळे मिटून उभे राहावे. दोरीवर चिमणी बसली तर बोटाला एक कळते, कावळा बसला तर दुसरे. थोडा सराव झाला की पाखरू जवळ बसले की लांब, तेही सांगता येते. आंबेघळच्या भूकंप वेधशाळेत सहलीला येणाऱ्या शाळकरी मुलांना डॉ. इंदुमती शेवाळे नेहमी या दोरीपासूनच सांगायला सुरुवात करत. मग म्हणत, "आता ती दोरी काचेची आहे असं समजा. केसाएवढी बारीक, आणि धरणापासून घाटाच्या पायथ्यापर्यंत जमिनीत पुरलेली."

मोठ्या धरणाच्या पाण्याच्या भाराने आसपासची जमीन अधूनमधून कुरकुरते. ती कुरकुर ऐकण्यासाठी ही तार होती. तारेच्या एका टोकातून लेसरचा प्रकाश सोडतात. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात डोळ्यांना न दिसणारे डाग असतातच, आणि प्रत्येक डागावरून थोडासा प्रकाश मागे परततो. जमीन हलली की त्या जागी तार कणभर ताणली जाते आणि परतणारा प्रकाश बदलतो. तो किती वेळाने परतला यावरून जागा कळते, कसा बदलला यावरून हादरा कळतो. तार एकच, पण तिला पावलापावलावर कान.

अडचण एवढीच की या कानांना सगळेच ऐकू येते. ट्रक, पाऊस, वीजघरातली चक्रे, गुरे, माणसे. सगळे एकात एक मिसळलेले. त्यामुळे भूकंपाएवढा मोठा आवाज सोडला तर बाकीची नोंद म्हणजे नुसता गोंगाट, असे वर्षानुवर्षे सगळे मानत आले होते.

तो गोंगाट निवडणारा प्रोग्रॅम सलमा मुजावरने लिहिला. सलमा वेधशाळेतली सर्वांत तरुण शास्त्रज्ञ. धान्यातून कोंडा पाखडावा तसे हे काम, म्हणून तिने त्याचे नाव 'सूप' ठेवले होते.

त्या दिवशी दोघी युद्धाच्या वर्षातली नोंद पाखडत बसल्या होत्या. ट्रकांच्या गोंगाटात एक लहानसा भूकंप हरवला होता, तो शोधायचा होता. सलमाने आधी वीजघर काढून टाकले, मग पाऊस, मग ट्रक. भूकंप सापडला नाही. खाली उरले ते ठोके.

"यंत्राचा दोष असेल," इंदुमती म्हणाल्या.

"दोषाला वेळ कळते का मॅडम? रोज दिवेलागणीलाच येतोय हा."

"जागा कुठली?"

सलमाने पडद्यावर बोट ठेवले. "जुनी कामगार वसाहत. तिसरी चाळ."

दोघींनी एकमेकींकडे पाहिले. धरण बांधताना उभारलेल्या त्या चाळींत युद्धाच्या काळात पलीकडच्या देशाचे कैदी ठेवले होते. आता ती वसाहत रिकामी होती. लढाई थांबून दोन वर्षे होत आली होती, पण कैद्यांची अदलाबदल मात्र रखडली होती.

ठोके नऊ जणांचे होते. प्रत्येकाचा ताल निराळा. एक सावकाश तीन मारी, दुसरा भराभर दोन, तिसरा एक जड आणि त्याच्या शेपटाला एक हलका. क्रम रोज तोच. इंदुमतींनी हेडफोन लावून दोन दिवसांचे ठोके ऐकले आणि हेडफोन हळूच टेबलावर ठेवला.

"हजेरी आहे ही," त्या म्हणाल्या. "आणि ती कुणी सुरू केली ते मला माहीत आहे."

*

तारेचा कुठला कान नेमका कुठल्या जमिनीखाली आहे हे तपासायला दर वर्षी एक साधे काम करावे लागते. एकाने लाकडी मोगरी घेऊन तारेवरून चालत जायचे आणि ठरावीक अंतरावर जमिनीवर तीनदा ठोकायचे. दुसऱ्याने पडद्यावर ते ठोके कुठे उमटतात ते बघायचे. युद्धाच्या वर्षीही ते काम चुकले नव्हते. परवानगी काढून, पहारेकरी सोबत घेऊन इंदुमती स्वतः वसाहतीत गेल्या होत्या.

तिसऱ्या चाळीपुढे काही कैदी उन्हात बसले होते. त्यातल्या एका चष्मेवाल्याने मोडक्या इंग्रजीत विचारले, "बाई, जमिनीला का मारता?"

कुणी काही विचारले आणि इंदुमतींनी सांगितले नाही, असे आजवर झाले नव्हते. पहारेकरी बघत होता तरी त्यांनी दोरी, चिमणी, काच, प्रकाश सगळे सांगितले. तो माणूस मान हलवत होता, आणि मध्ये एकदा बाकीच्यांकडे वळून आपल्या भाषेत तेच समजावत होता. हाताचे बोट हवेतल्या दोरीवर टेकवून. मग म्हणाला, "मी पण शाळेत शिकवतो. विज्ञान." पहारेकऱ्याने त्याला दंडाला धरून उठवले. जाता जाता त्याने विचारले, "मग आम्ही ठोकलं तर तुम्हाला कळेल?"

"कळायला हवं," इंदुमती म्हणाल्या होत्या.

त्या वेळी ते कळण्यासारखे नव्हतेच. सूप नव्हते. पण त्याला ते कुठे ठाऊक होते?

*

पुढचे आठ-दहा दिवस दोघी तेवढेच काम करत राहिल्या.

वसाहतीच्या टोकाला एक जुने पंपघर होते. सकाळी पावलांच्या तीन जोड्या तिकडे जात. कडेच्या दोन बुटांच्या, मधली अनवाणी. परतताना बुटांच्या जोड्या तशाच येत, आणि मधे काहीतरी ओढत आणल्याची सलग खरड. जाण्यायेण्याच्या मधल्या वेळात पंपघरातून जे ऐकू येई, ते सलमाने एकदाच ऐकले. मग ती बाहेरच्या नळावर गेली आणि पाणी सोडून कितीतरी वेळ हात धूत राहिली.

ज्याला पंपघरात नेत, त्याचा ठोका त्या संध्याकाळी अशक्त येई. चौथा ठोका सगळ्यांत जास्त वेळा अशक्त झाला. सावकाश तीन, शेवटचा किंचित लांबवलेला. मग एका संध्याकाळी तिसरा झाला, आणि चौथा आलाच नाही. पाचव्याने लगेच ठोकले नाही. चौथ्याला जेवढा वेळ लागे तेवढी जागा त्याने मोकळी सोडली आणि मग ठोकले. पुढे अशा एकूण चार जागा मोकळ्या झाल्या. रोज त्या मोकळ्या सोडल्या जात. शेवटी पाच उरले, आणि एके दिवशी ट्रक आले, पावले चढली, चाळ गप्प झाली.

सरकारने त्या वर्षी जाहीर केले होते की आंबेघळला तापाच्या साथीत चार कैदी दगावले.

"तोच होता का चौथा?" सलमाने विचारले. "चष्मेवाला?"

"नक्की सांगता येणार नाही. ठोक्यावर नाव नसतं." इंदुमतींनी खुर्ची तिच्याकडे वळवली. "तुमच्या घरी दार कसं वाजवतात गं?"

"म्हणजे?"

"आमचा अजू बेल असूनही कडीच वाजवायचा. दोन घाईघाईने, मग जरा थांबून एक. स्वयंपाकघरात असले तरी कळायचं मला. ही माणसंही तेच करताहेत. प्रत्येकजण आपल्या घरचं दार वाजवतोय."

अजू म्हणजे कॅप्टन अजिंक्य शेवाळे. इंदुमतींचा एकुलता एक मुलगा. लढाईच्या दुसऱ्या महिन्यात तो पकडला गेला होता आणि अजून पलीकडे होता. लहानपणी तो वेधशाळेच्या अंगणात दाणदाण उड्या मारायचा आणि धावत आत येऊन विचारायचा, "आई, मी दिसलो का?"

*

भूकंप अभ्यासणाऱ्यांची एक जुनी रीत आहे. प्रत्येक वेधशाळेची नोंद दोन वर्षांनी आपोआप जागतिक भांडारात जाते आणि जगातल्या कुणालाही ती बघता येते. लढाईतही दोन्ही देशांनी ही रीत मोडली नव्हती. नुसत्या गोंगाटात लपवण्यासारखे काही असेल असे कुणाच्या मनातच आले नव्हते. अपवाद एकच. वीज पडून किंवा उंदरांनी कुरतडून तार बिघडली असेल, तर वेधशाळेच्या प्रमुखाने त्या काळावर 'सदोष' अशी खूण करायची. मग ती नोंद भांडारात जात नाही. ही खूण दुसऱ्या कुणाला करता येत नाही.

छावणीच्या महिन्यांची पाळी महिनाअखेरीला येणार होती. इंदुमतींनी नियमाप्रमाणे वर कळवले, आणि चौथ्या दिवशी दिल्लीहून सहसचिव अनिरुद्ध कारखानीस स्वतः आले. त्यांनी हेडफोन लावून सगळे ऐकले. पंपघरसुद्धा. मग रुमालाने कपाळ पुसले.

"मॅडम, हे खोटं आहे असं मी म्हणणार नाही. जे झालं ते वाईट झालं. पण आत्ता नको. पुढच्या महिन्यात अदलाबदलीची बोलणी आहेत. हे बाहेर आलं तर ते उठून जातील. आपली चाळीसेक पोरं तिकडे आहेत, त्यातला एक तुमचा."

"त्याची आठवण मला करून द्यावी लागत नाही."

"म्हणून तर फोन न करता आलो. त्या काळावर खूण करा, एवढंच. पोरं घरी आली की काढून टाका. मी शब्द देतो."

मागणी अगदीच अवाजवी नव्हती. इंदुमतींना तसे वाटलेही. त्यांनी कारखानिसांचा कप भरला आणि विचारले, "उरलेले पाच कुठे आहेत?"

"दुसऱ्या छावणीत हलवले."

"तिथला प्रमुख कोण?"

कारखानीस चहा ढवळत राहिले. त्यात साखर नव्हती.

"इथे होता तोच?"

"अनुभवी अधिकारी आहेत ते. लढाईच्या वेळी परिस्थिती वेगळी होती..."

"साहेब, तुम्ही मला झालेलं झाकायला सांगताय असं मी समजत होते. हे तर चालू आहे."

"तुम्ही आई आहात. जरा त्या बाजूनेही विचार करा."

"करते आहे. तिकडेही कुणीतरी असाच चहा ढवळत बसला असेल. त्यांच्या कुणाला तरी सांगत असेल, आत्ता नको. तो जोवर तसं सांगू शकतोय तोवर माझ्या मुलाला कोण वाचवणार? तुम्ही?"

कारखानीस उठले. दारात थांबून म्हणाले, "नियमात राहून करताय, म्हणून तुम्हाला अडवता येणार नाही. पण बोलणी फिसकटली तर ते तुमच्या नावावर जाईल. हे धमकी म्हणून सांगत नाही."

"मला माहीत आहे," इंदुमती म्हणाल्या.

*

दिनकरराव ओट्याजवळ पाटावर बसून पावटा सोलत होते. साखर कारखान्यात केमिस्ट म्हणून आयुष्य गेलेले, मोजके बोलणारे गृहस्थ. अजू पकडला गेल्यापासून त्यांनी स्वयंपाक हाती घेतला होता. हात रिकामे राहिले की त्यांना सोसत नसे. सगळे ऐकेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

"एक महिन्याने सांगितलंस तर काय बिघडतं?"

"अहो, तो महिना त्या पाच जणांना कुठे काढायचा आहे? त्याच माणसाच्या हाताखाली."

"आणि आपल्या पोराला?" शेंग त्यांच्या हातात तशीच राहिली. "हे ऐकून तिकडच्यांनी त्याच्यावर राग काढला तर?"

इंदुमती खाली बसल्या. "तर त्याला मी कारण असेन. हे मला धरून चालावं लागणार आहे. मी धरलंय."

"तुला धरता येतं. मला नाही येत."

"समजून घ्या जरा. आपण लपवलं की त्यांनाही..."

"नको." दिनकररावांनी ताट बाजूला सारले. "तुला करायचं ते कर. अडवणार नाही. पण मला समजावायला येऊ नकोस. दिसेल त्याला समजावत सुटतेस. त्या कैद्याला समजावलंस, काय झालं त्याचं? मला नको समजावूस."

ते परसात निघून गेले. उरलेला पावटा इंदुमतींनी सोलला. तो सोलून होईपर्यंत त्यांच्या मनातला निर्णय जराही हलला नाही.

नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येकाला त्या पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगत. नोंद आवडली नाही तरी चालेल, समजली नाही तरी चालेल, पण चांगल्या नोंदीला सदोष म्हणायचे नाही. एकदा म्हटले की पुढच्या कुठल्याच नोंदीवर कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि मग धरणाखालच्या गावांना खरा धोका सांगायची वेळ आली तरी आपले कुणी ऐकणार नाही. हे त्यांनी इतक्या वेळा सांगितले होते, की आता स्वतःला वेगळे सांगता येणे शक्य नव्हते.

महिनाअखेरीला त्यांनी खूण केली नाही. नुसता गोंगाट पाठवून द्यावा आणि त्यात कुणाला काही सापडू नये अशी चतुराईही केली नाही. ठोक्यांची जागा, वेळ आणि पाखडण्याची पद्धत सोप्या शब्दांत लिहून सोबत जोडली, आणि खाली आपले नाव घातले.

"तुझं नाव घालत नाही," त्या सलमाला म्हणाल्या.

"का? सूप माझं आहे."

"लोक काय काय बोलतील..."

"माझं नाव वाचून तर आधी बोलतील. ते काय मला नवीन आहे?" सलमाने स्वतःच कळफलक पुढे ओढला. "मुजावर. स्पेलिंग चुकवाल तुम्ही."

*

लोक बोलले. फाटकावर डांबराने शब्द लिहिले गेले. शाळांच्या सहली बंद झाल्या. चौकशी होईपर्यंत इंदुमतींना निलंबित करण्यात आले. सरकारने आधी सगळे नाकारले, मग म्हटले की नोंद खरी असली तरी अर्थ चुकीचा आहे. एका दुपारी कारखानिसांचा फोन आला. "बोलणी पुढे ढकलली," एवढेच ते म्हणाले, तेही थकलेल्या आवाजात. दिनकररावांनी पलीकडच्या खोलीतून ऐकले. त्या दिवसापासून ते आपले ताट घेऊन परसात जेवू लागले.

मग पलीकडच्या देशातून आवाज यायला लागले.

तिकडच्या लोकांनी ते ठोके ऐकले होते. कुणी बायको, कुणी भाऊ, कुणी शेजारी. त्यांनी आपापल्या घराची दारे वाजवून, तो आवाज भरून पाठवला होता. हा आमच्या माणसाचा ठोका, असा तो वाजवायचा. बरेच जुळत नव्हते, लोक आशेने वाजवत होते. काही मात्र हुबेहूब जुळले. चौथा एका मुलीने वाजवला. सावकाश तीन, शेवटचा किंचित लांबवलेला. बाबा शाळेतून आले की असे वाजवायचे, ती म्हणत होती. ते विज्ञान शिकवायचे.

इंदुमतींनी तो आवाज पुन्हा पुन्हा ऐकला. मग चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, "हो बाळ, कळलं. उशिरा कळलं."

दारे वाजायला लागल्यावर 'अर्थ चुकीचा' म्हणणे कठीण झाले. आपल्याकडच्याही काही जवानांच्या घरचे लोक 'छावणी उघडा' म्हणत दिल्लीत जाऊन बसले. महिना उलटायच्या आत दुसरी छावणी तपासणाऱ्यांना उघडून द्यावी लागली. पाचही जण जिवंत होते. एकाला चालता येत नव्हते. त्या अधिकाऱ्यावर खटला भरला गेला. तो म्हणे वरून आदेश होता, आणि वरचे म्हणत आदेश नव्हता. ते प्रकरण अजून चालू आहे. बोलण्यांची नवी तारीख मात्र निघाली नाही.

*

सलमा आली तेव्हा दिनकरराव परसात कढीलिंब तोडत होते. ती धापा टाकत होती.

"मॅडम, भांडारात पलीकडची एक नोंद आलीय. डोंगरातल्या कोळशाच्या खाणीजवळची तार. त्यावर आधी 'सदोष'ची खूण होती. काल रात्रीतून कुणीतरी काढली."

"कुणी?"

"वेधशाळेचा प्रमुखच काढू शकतो ना. सोबत एक अक्षर लिहिलेलं नाही."

तिने लॅपटॉप ओट्यावरच उघडला. खाणीचे पंप गेले, मालगाड्या गेल्या, वारा गेला. खाली पावले उरली. ती एका कोठाराकडे जात होती आणि ओढत परत येत होती. इंदुमतींनी ओट्याची कड घट्ट धरली. असे काही ऐकावे लागणार, हे त्यांनी खूण न करायचे ठरवले त्याच दिवशी धरले होते.

"दिवेलागणीला जा," त्या म्हणाल्या.

तिथे ठोके होते. हजेरी नव्हती, कुणी कुणाला काही शिकवले नव्हते. एकटाच माणूस जमिनीवर ठोकत होता. दोन घाईघाईने, मग जरा थांबून एक.

मागे कढीलिंबाची डहाळी खाली पडल्याचा आवाज झाला. दिनकरराव दारात उभे होते.

"परत लाव," ते म्हणाले.

सलमाने परत लावले. मग दुसऱ्या दिवसाचे. मग तिसऱ्या. मधे दोन संध्याकाळी ठोका अशक्त होता, पण होता.

"त्याला कसं माहीत तिथे तार आहे ते?"

"माहीत नसेल," इंदुमती म्हणाल्या. "खाणीजवळ जमीन ऐकणारं काहीतरी असणार, एवढं त्याला लहानपणापासून ठाऊक आहे. जिथे ठेवतील तिथे ठोकत बसला असेल."

दिनकरराव पाट ओढून त्यांच्याजवळ बसले. कितीतरी दिवसांनी एवढ्या जवळ. "हे जमिनीतून इथवर येतं कसं, ते मला सांग. सगळं सांग. पहिल्यापासून."

इंदुमतींनी घसा साफ केला. "अंगणात कपडे वाळत घालायची दोरी असते ना," त्यांनी सुरुवात केली, आणि शाळकरी मुलांना सांगत तसे, कुठेही घाई न करता, शेवटपर्यंत सांगितले. दिनकरराव मधेमधे मान हलवत होते.

"म्हणजे हे दोन वर्षांपूर्वीचं," ते अखेरीस म्हणाले.

"हो. आज तो कसा आहे ते यातून कळत नाही."

"पण पुढच्या महिन्याला त्याच्या पुढचं येईल."

"त्यांनी परत खूण केली नाही तर."

"मग त्या माणसाला कळव ना. करू नका म्हणावं."

इंदुमतींनी पडद्याकडे पाहिले. तिथे तीन ठोक्यांची लहानशी रेघ स्थिर उभी होती.

"ते सांगून झालंय," त्या म्हणाल्या. "आपण आपली खूण केली नाही, तेव्हाच."